अडीच मीटरची चिमणी

हरकतीच्या अर्जाला एक फोटो जोडला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला. खाली जिरेनियमची कुंडी, लांब मागे गावातल्या चर्चचा सुळका, आणि त्या दोन्हींच्या मधोमध आम्ही उभी केलेली ॲल्युमिनियमची काठी. काठीभोवती लाल पेनाने गोल केलेला. शेजारी जर्मनमध्ये एकच वाक्य : 'हा मिनार आहे.'

तो मिनार नव्हता. भटारखान्याचा धूर बाहेर सोडणारी चिमणी होती, छपरापासून अडीच मीटर उंच. आणि तिचं चित्र काढलं होतं मी.

मी स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ कँटनमध्ये, कँटन म्हणजे इथलं राज्य, एका चार माणसांच्या आर्किटेक्ट ऑफिसात काम करते. नवऱ्याच्या नोकरीमुळे बाडेनला आलो. टर्बाइनच्या कंपन्यांमुळे तिथे भारतीय पुष्कळ, मराठीही बरेच. पुण्यातला माझा अनुभव इथे फारसा धरला गेला नाही. पहिली दोन वर्षं मी बाल्कन्या, सायकलींचे निवारे आणि जिन्यांचे कठडे काढले. मग बॉसने एक फाइल पुढे सरकवली : बोस्नियन लोकांची एक संस्था, औद्योगिक भागातलं जुनं गोदाम, आत नमाजाची जागा, मुलांचे वर्ग, एक स्वयंपाकघर. 'छोटंच काम आहे, तू कर,' तो म्हणाला.

इथल्या मुसलमानांपैकी बरेचसे बाल्कन आणि तुर्कस्तानातून आलेले. हे बोस्नियन म्हणजे बहुतेक गवंडी, रंगारी, प्लास्टरवाले. खजिनदार निवृत्त प्लास्टरवाले होते, मिशा पांढऱ्या, बोटं दाभणासारखी ताठ. पहिल्याच बैठकीत मी उत्साहाने विचारलं, दर्शनी बाजूला काही कमान वगैरे हवी का? ते म्हणाले, 'फ्राऊ आर्किटेक्ट, बाहेरून गोदामच दिसू दे. चांगलं गोदाम.'

तेव्हा मला त्याचा नीट अर्थ लागला नव्हता. २००९ साली मी पुण्यात कॉलेजात होते. इथे त्या वर्षी २९ नोव्हेंबरला सार्वमत झालं आणि ५७.५ टक्के लोकांनी मिनारबंदीच्या बाजूने कौल दिला. २६ कँटनपैकी २२ कँटन होकाराचे. फक्त जिनिव्हा, व्हो, न्यूशातेल आणि बाझेल शहर यांनी नाही म्हटलं. सरकार आणि संसद दोघांनीही लोकांना 'नाही' म्हणा असंच सांगितलं होतं. प्रचाराच्या पोस्टरवर स्विस झेंड्यातून क्षेपणास्त्रांसारखे वर आलेले काळे मिनार आणि पुढे बुरख्यातली बाई. बाझेल आणि लोझान शहरांनी ते पोस्टर आपल्याकडे लावू दिलं नाही. बंदी मिनारांवर, मशिदींवर नाही. तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते चार : झ्युरिक, जिनिव्हा, विंटरथूर आणि ओल्टनजवळचं वांगेन. चारांपैकी एकावरूनही अजान दिली जात नव्हती. ज्यावरून सगळं पेटलं तो वांगेनचा मिनार उंचीला सहा मीटर. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाची कमान त्याहून उंच असते.

राज्यघटनेच्या ७२व्या कलमात तीन पोटकलमं आहेत. पहिलं म्हणतं, धर्मसंस्था आणि शासन यांचे संबंध हा कँटनांचा विषय. दुसरं म्हणतं, धार्मिक समाजांमध्ये शांतता राखण्यासाठी उपाय करता येतील. लगेच खाली तिसरं : मिनार बांधण्यास मनाई आहे. बस, एवढंच. किती उंच, गोल की चौकोनी, आत जिना हवा का, कशाला मिनार म्हणायचं, काही नाही. बंदी लागू झाली आणि लोझानजवळच्या बुसिन्यी गावात चपलांच्या दुकानांच्या एका मालकाने निषेध म्हणून आपल्या गोदामाची चिमणी वाढवून तिला मिनाराचा आकार दिला. तो मुसलमानही नव्हता. त्याची चिमणी मिनार व्हायला निघाली होती. माझी तशी होऊ नये म्हणून मला धावपळ करायची होती.

तर, ही चिमणी आली कुठून? मूळ नकाशात ती नव्हतीच. गोदाम संस्थेने भाड्याने घेतलं तेव्हापासून स्वयंपाकघराचा पंखा मागच्या भिंतीतून हवा बाहेर फेकायचा. शनिवारी बायका बुरेक करतात, पातळ पारीत मांसाचं सारण गुंडाळून भाजलेला पदार्थ. रमझानात रोज शंभरेक माणसांचं जेवण. मागे कुरण, कुरणापलीकडे एका निवृत्त शेतकऱ्याचं घर. तळलेल्या कांद्याच्या वासाची त्याने तक्रार केली. गावाच्या बांधकाम खात्याने आम्हाला कळवलं की नूतनीकरणात धूर छपराच्या वर नेऊन सोडा. नियम तसाच आहे आणि बरोबरही आहे. म्हणून मी चिमणी काढली. पंधरा मिनिटांचं काम.

इथे बांधकामाची परवानगी मागताना नुसता नकाशा देऊन भागत नाही. 'बाउगेश्पान' उभारावं लागतं : जे बांधणार त्याच्या कडा दाखवणाऱ्या बारीक काठ्या, जितकी उंची तितक्याच उंच, ताणाच्या तारांनी बांधलेल्या. तीस दिवस काठ्या उभ्या आणि कागद ग्रामकार्यालयात सगळ्यांना बघायला उघडे. मला ही पद्धत मनापासून आवडते. पुण्यात शेजारच्या प्लॉटवर किती मजले येणार हे आपल्याला स्लॅब पडल्यावर कळतं. पण काठीला एक खोड असते. ती उंची सांगते, कशासाठी ते सांगत नाही. गोदामाचं छप्पर होतं तसंच राहणार होतं, त्यामुळे काठी एकच होती. मशिदीच्या डोक्यावर एकच उंच बारीक काठी.

हरकत वाचून मी आधी हसले. मग फाइलमधलं स्वतःचं दर्शनी चित्र उघडलं आणि हसू गेलं. चिमणी गोल पत्र्याची, आणि तिच्यावर निमुळती टोपी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चिमणी घेतली की ती टोपी आपोआप येते. मी काढायची विसरले होते. गोल, सडपातळ, वर शंकूसारखी टोपी. इस्तंबूलपासून सारायेव्होपर्यंत उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की, मिनार असतो तो असाच, टोक केलेल्या पेन्सिलीसारखा. शिवाय धूर सरळ वर जावा म्हणून अशा चिमणीवर टोपी चालतच नाही. म्हणजे चित्र नियमात चुकीचं होतं आणि दिसायला मिनार होतं. तो शेतकरी डोळ्यांनी तरी खोटं बोलत नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सुनावणी ठेवली, जागेवरच. धुकं इतकं की कुरणापलीकडचं घर दिसत नव्हतं. काठीचं टोकही दिसत नव्हतं. बांधकाम अधिकारी बाई रबरी बूट घालून आल्या होत्या. गावच्या कारभारी मंडळाचे एक सदस्य, माझा बॉस, खजिनदार, संस्थेची चिटणीस. ही चिटणीस इथेच जन्मलेली शाळामास्तरीण, तिची गावठी जर्मन माझ्या पुस्तकी जर्मनला मागे टाकून पळत होती. आणि शेजारचे आजोबा. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत तो फोटो.

सुरुवात वाईट झाली. आजोबा म्हणाले, 'वासाची तक्रार मी केली. त्यावर यांनी हे उभं केलं.' मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चिटणीसने हळूच परत सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या तक्रारीचा या लोकांनी सूड घेतला. चिमणीच्या नावाखाली, कायद्याला बगल देऊन, नेमकं त्यांच्या खिडकीसमोर. खजिनदारांचा चेहरा लाल झाला. कारण गेली दोन वर्षं ते धरून चालले होते की कांद्याचा वास हे निमित्त, खरी अडचण मशिदीची. दोघंही एकमेकांचं मन ओळखून बसले होते, आणि कुरण मध्ये.

मंडळाचे सदस्य मुळात वकील असावेत. त्यांनी मला विचारलं, 'या रचनेत वर जाण्यासाठी जिना आहे का?'

'व्यास चाळीस सेंटीमीटर आहे,' मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने आजोबाच हसले, खोकल्यासारखं.

मग मी गोदामाच्या आत नेऊन सगळ्यांना स्वयंपाकघर दाखवलं. शेगडी, तिच्यावरचा धुराडा, तेल अडवणाऱ्या जाळ्या, पंखा, तिथून पाइप कसा वळून छपरातून जाणार. पाइपचा नमुन्याचा तुकडा मी मुद्दाम आणला होता. तो आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याला लावला, आतून दिव्याकडे बघितलं, शिवण कुठे आहे ते अंगठ्याने चाचपलं. 'गोल का?' त्यांनी विचारलं. गोल पाइप स्वस्त पडतो, आत तेल कमी साठतं, मी सांगितलं. 'चौकोनी होत नाही?'

'होतो,' मी म्हटलं. 'चौकोनी, वर सपाट, टोपीशिवाय. टोपी माझी चूक होती.'

बांधकाम अधिकारी बाईंनी लिहून घेतलं : चौकोनी. सदस्यांनी मान डोलावली. आजोबांनीही. खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. मी गप्प राहिले. मोरोक्को-ट्युनिशियात मिनार हजार वर्षांपासून चौकोनीच असतात. कैरुआनच्या मशिदीचा चौकोनी, माराकेशच्या कुतुबियाचा चौकोनी, आणि स्पेनमधल्या सेव्हिलच्या कॅथेड्रलचा जो घंटामनोरा म्हणून जग बघायला जातं तो खालच्या बाजूने जुना चौकोनी मिनारच. हे सगळं कॉलेजात परीक्षेला येतं. पण नोव्हेंबरातल्या त्या धुक्यात ते कोणाला सांगावंसं वाटलं नाही. पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सोसायटीच्या गणपतीच्या देवळाचा कळस आम्ही मंजुरीच्या नकाशात 'टाकीवरील आच्छादन' म्हणून दाखवला होता. तेव्हाही मी गप्पच होते.

निघताना आजोबांनी काठीने छपराकडे बोट दाखवलं. 'वर एक कोंबडा बसवा,' ते म्हणाले. इथे कित्येक चर्चच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा असतो. 'मग कोणी काही म्हणणार नाही.' चेष्टा की सल्ला, मला अजून कळलेलं नाही. खजिनदार म्हणाले, 'बसवतो.' चिटणीसने बुरेकचा डबा पुढे केला. आजोबांनी घेतला नाही. दातांचं कारण सांगितलं.

परतताना बॉसने गाडी मुद्दाम झुर्बटालच्या रस्त्याने घेतली आणि एंडिंगन गावात थांबवली. एक देखणी इमारत दाखवली, दर्शनी भागावर घड्याळ, वर घंटा. 'चर्च वाटतं ना? सिनेगॉग आहे, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. १८५२चं. गावात चर्चच नाही, म्हणून गावाचं घड्याळ यावर.' मग एका गल्लीत नेलं. जुनी घरं, आणि दारं जोडीने : एकाच चौकटीत शेजारी शेजारी दोन दारं, दोन पायऱ्या, दोन कड्या. स्विस भूमीवर ज्यूंना १७७६पासून फक्त एंडिंगन आणि लेंगनाऊ या दोनच गावांत राहायची मुभा होती. एका छपराखाली ख्रिस्ती आणि ज्यू राहू नयेत असा दंडक, म्हणून दारं वेगळी केली, असं इथे सांगतात. आत बहुधा जिना एकच. देशभर कुठेही राहायचा हक्क मिळाला १८६६ साली. आणि लोकांनी सह्या गोळा करून मतदानाला आणलेला देशातला पहिला प्रस्ताव, १८९३चा, तोही ज्यू पद्धतीच्या पशुवधावर बंदी घालणाराच होता. तो मंजूर झाला. बॉस एरवी सिमेंटच्या भावाखेरीज काही बोलत नाही. त्या दिवशी तो त्या दोन दारांसमोर बराच वेळ उभा होता. मी एका दाराच्या कडीला हात लावला. गार होती, आणि दुसरीपेक्षा जास्त झिजलेली.

आपल्या लोकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'मग आपल्या देवळांचं काय?' इथली तमिळ देवळं बहुतेक अशाच जुन्या गोदामांत आणि कारखान्यांत आहेत. बर्न कँटनमधल्या लांगेनथालला २००६ साली पांढऱ्या घुमटांचा गुरुद्वारा उभा राहिला. त्याच गावात मशिदीच्या मिनाराचा प्रस्ताव वर्षानुवर्षं भांडणात अडकला आणि मिनार झालाच नाही. एकाच गावातलं आकाश, घुमटाला चाललं. झ्युरिकला कधी गेलात तर ११ नंबरच्या ट्रामने बालग्रिस्टला उतरा. चर्चच्या बरोबर समोर १९६३ची अहमदिया पंथाची मशीद आहे, गोल सडपातळ मिनार असलेली. उद्घाटन जफरुल्ला खान यांनी केलं, तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते. शहराचे महापौर हजर होते. मी तिथे दोनदा गेले. ट्राममधून उतरणाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

जानेवारीत परवानगीचं पत्र आलं, अकरा अटींसह. आठवी अट चिमणीची : काटछेद चौकोनी, रंग छपराचाच, माथा सपाट, माथ्यावर कोणत्याही प्रकारचं चिन्ह, आकृती वा शोभेची वस्तू बसवण्यास मनाई.

मी खजिनदारांना फोन करून ती अट वाचून दाखवली. पलीकडे काही क्षण शांतता.

'म्हणजे कोंबडासुद्धा नाही?' त्यांनी विचारलं. त्यांनी तो ऑर्डर केला होता.