खातं गेलं, नाव राहिलं

"तुमच्या पोस्टमुळे कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत उत्तर द्या." त्या सकाळी हा संदेश वाचून मी घाबरले. दिलेल्या लिंकवर गेले, पासवर्ड टाकला, फोनवर आलेला ओटीपीही भरला. दहा मिनिटांत माझं सोशल मीडियावरचं खातं दुसऱ्याच्या हातात गेलं. पॅकेजिंग डिझाइनचं माझं सहा वर्षांचं काम, ग्राहकांचे अभिप्राय, ऑर्डरची बोलणी, सगळं त्यात होतं. वर माझ्याच नावाने ओळखीच्यांकडे पैसे मागणं सुरू झालं.

त्याहून जास्त लागलं ते जवळच्या माणसांचं बोलणं. "एवढे फोटो टाकतेस, मग असं होणारच." चोरी पासवर्डची झाली होती, त्यात माझ्या चेहऱ्याचा काय दोष? एखाद्या पुरुषाचं खातं गेलं तर त्याला हे कुणी ऐकवत नाही. काही दिवस मीही फोटो काढून टाकावेत का, या विचारात होते. मग ठरवलं, चेहरा राहील. घरचा पत्ता, मुलीचे फोटो आणि खासगी नंबर मात्र कामापासून पूर्ण वेगळे केले.

ग्राहकांना सावध करायला बसले तेव्हा कळलं की निम्म्या लोकांचे नंबर किंवा ईमेल माझ्याकडे नाहीतच. जुन्या बिलांमधून एकेक पत्ता शोधला. मग वेबसाइटकडे वळले, तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, ती बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं! माणूस भला निघाला, त्याने नोंदणी माझ्या नावावर केली. पण नोंदणीदार बदलला की डोमेन दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे न्यायला सहसा ६० दिवस थांबावं लागतं, तेवढे थांबले. तुमची वेबसाइट दुसऱ्या कुणी केली असेल, तर नोंदणीदार म्हणून कुणाचं नाव आहे ते आजच बघा. आता दर महिन्याला ग्राहकांना एक पत्र ईमेलने जातं, आणि त्या यादीची प्रत माझ्या संगणकावर असते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावाने. लग्नाआधीचं काम एका आडनावाने, नंतरचं दुसऱ्या. कुणी शोधलं तर दोन वेगळ्या बायका दिसायच्या, दोघीही अर्ध्या अनुभवाच्या. कागदपत्रांवर काहीही असो, कामासाठी जन्माचंच आडनाव ठेवायचं ठरवलं आणि बिलापासून ईमेलच्या सहीपर्यंत सगळीकडे तेच केलं. ट्रेडमार्कच्या, म्हणजे व्यवसायाच्या नावाच्या कायदेशीर नोंदणीच्या वेळी वकीलबाईंनी सांगितलं की नुसत्या आडनावावर हरकत येऊ शकते, त्यामुळे व्यवसायासाठी घडवलेला एक वेगळा शब्द नोंदवला. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात. डिझाइनची सेवा ४२व्या वर्गात येते. नोंदणी साधारणपणे १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं, पण ती त्या त्या देशापुरतीच.

नव्या खात्याला पासकी लावली, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचं लॉक उघडूनच खात्यात जायचं. ती खऱ्या साइटशीच बांधलेली असल्याने नकली पानावर चालत नाही. जुनं खातं परत मिळालंच नाही.

पुढच्या वर्षी दुसरं बाळंतपण आलं. चार महिने एकही पोस्ट टाकली नाही. जाण्याआधी कामाची पद्धत, दर आणि नकार कधी द्यायचा हे सगळं लिहून सहकारी मैत्रिणीच्या हाती दिलं होतं. त्या काळात तीन नवी कामं आली, तिन्ही जुन्या ग्राहकांच्या शिफारशीने. त्यातल्या एकाने लिहिलं होतं, "किमतीबद्दल तुमच्या सरांशी बोलता येईल का?" मैत्रिणीने ते मला पाठवलं. बाळ झोपल्यावर मीच उत्तर लिहिलं: व्यवसाय माझा आहे, दरही मीच ठरवते. दर कळवला, खाली माझं पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला, पत्राची सुरुवात 'मॅडम' अशी होती.