तुम्ही विचारलंत म्हणून : घरात शिरलेल्याला मारलं तर चालतं का?

वकील आहे म्हटल्यावर हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो. गाडीत शेजारी बसलेले विचारतात, सोसायटीच्या बैठकीनंतर जिन्यात थांबवून विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, ‘रात्री घरात कुणी शिरला आणि आपल्या हातून तो मेला, तर कायदा आपल्या बाजूने असतो ना?’ मी घाईत होते, ‘परिस्थितीवर आहे’ एवढंच म्हणाले. ते उत्तर मला नंतर डाचत राहिलं. ज्या गोष्टीने एका रात्रीत दोन घरं उद्ध्वस्त होतात, तिची अशी बोळवण करू नये.

कायदा आपल्या बाजूने असतो. मात्र आत कोण आला होता याच्याइतकंच, वार झाला त्या क्षणी धोका काय होता, हे तो विचारतो. आणि तो विचारणारच. माणूस मेला की गुन्हा नोंदला जातो, तपास होतो, अटकही होऊ शकते. बचावाचा हक्क होता हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सरकारी पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तितकी कडक कसोटी आपल्याला नसते. आपली हकीकत संभवनीय वाटली तरी पुरतं. पण ती घटनास्थळाशी आणि जखमांशी जुळावी लागते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत खासगी बचावाच्या हक्काची कलमं ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती फारसा बदल न होता ३४ ते ४४ म्हणून आली आहेत. हा हक्क उदार आहे, हे आधी सांगते. तो स्वतःच्या शरीरापुरता नाही, दुसऱ्याच्या शरीरासाठी आणि मालमत्तेसाठीही आहे. शेजारणीच्या घरावर दरोडा पडला तर तिच्यासाठीही तुम्ही धावून जाऊ शकता.

मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, असे प्रसंग कलम ४१ मध्ये मोजकेच आहेत. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी. माणसं राहतात किंवा माल ठेवला जातो अशा वास्तूला आग लावणं किंवा स्फोटकाने तिची नासधूस करणं. आणि शेवटचा, चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी अशा परिस्थितीत होत असेल, की आपण हात उचलला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी.

लोक नेमकं ‘रात्रीची घरफोडी’ यावर बोट ठेवतात आणि पुढचं वाचत नाहीत. घरफोडी हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. कुलूप तोडणं, भिंतीला भगदाड पाडणं, खिडकीतून चढून येणं, धाक दाखवून आत घुसणं, असं काहीतरी घडावं लागतं. दार उघडं राहिलं आणि कुणी सरळ चालत आत आला, तर ती फक्त घुसखोरी. तिथे जिवाची रास्त भीती दाखवावीच लागते. दारू पिऊन चुकीच्या मजल्यावर चढलेला माणूस आणि डोक्याने भ्रमिष्ट झालेला वाट चुकलेला म्हातारा, हे दोघेही रात्री परक्या घरात शिरलेलेच असतात.

शिवाय या सगळ्यावर कलम ३७ चं छप्पर आहे. बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क उरतच नाही. अंगण, शेत, मोकळा प्लॉट यांत कुणी नुसता घुसला असेल तर त्याला हुसकावण्यासाठी इजा करता येते, जीव घेता येत नाही. तो हल्ला करून आला तर प्रश्न शरीराच्या बचावाचा होतो. आणि एखाद्याने तुमच्या जमिनीवर बेकायदा का होईना, पण पक्का ताबा बसवला असेल, तर त्याला काठ्या घेऊन उठवायला जाता येत नाही. तिथे दिवाणी कोर्टच. हे ऐकून लोक चिडतात. राग मला समजतो, पण सर्वोच्च न्यायालयाने हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे.

मग घाबरलेल्या माणसाने अंधारात कलमं आठवत बसायचं का? मुळीच नाही. जिवावर बेतलेल्या माणसाचा प्रत्येक फटका सोन्याच्या तराजूत तोलू नये, असं न्यायालयंच सांगत आली आहेत. भीतीच्या भरात फटका थोडा जास्त बसला तर कोर्ट ते समजून घेतं. शुद्ध हेतूने बचाव करताना मर्यादा ओलांडून जीव गेला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी शिक्षेचा गुन्हा, धरण्याचीही सोय कायद्यात आहे.

धोका संपल्यावर जे होतं, त्याला मात्र ही सवलत नाही. आणि माझ्या अनुभवात माणसं तिथेच अडकतात.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक खटला सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. रात्री दोनच्या सुमारास एक जण मागच्या खोलीची जाळी उचकटून आत आला. घरात म्हातारी आई, बायको, दोन लहान मुलं. माझ्या अशिलाने काठी घातली, झटापट झाली, शेजारी धावले. उजाडेपर्यंत तो शिरलेला माणूस मेला होता. रात्रीची घरफोडी, म्हणून मी निर्धास्त होते. मग शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. तळपायांवर माराच्या खुणा होत्या. झटापट करणाऱ्या माणसाच्या तळपायांवर काठी बसत नाही.

अशिलाला विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “पोरं भेदरून रडत होती मॅडम. राग आवरला नाही.” माझा त्याच्यावर विश्वास आहे. पहिल्या काठीपासून दोरीची गाठ बसेपर्यंत कायदा त्याच्या पाठीशी उभा होता. गाठ बसली आणि तिथून पुढचा प्रत्येक फटका त्याच्या एकट्याचा झाला. खुनाचा आरोप टिकला नाही, सदोष मनुष्यवधाची शिक्षा मात्र झाली. मेलेल्याची बायको प्रत्येक तारखेला व्हरांड्यात येऊन बसायची, माझ्या अशिलाची बायको दुसऱ्या टोकाला. दोघी एकमेकींकडे कधी बघत नसत.

पळणाऱ्याचंही तसंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातलं शेताच्या वादाचं एक प्रकरण आलं. निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचा. शेत ताब्यात असलेल्यांवर दुसरा गट चालून आला, तेव्हा त्यांना बचावाचा हक्क होता, हे न्यायालयाने मान्य केलं. पण हल्लेखोर पळू लागल्यावर दूर गेलेल्यांवर गोळ्या झाडल्या, त्या गोळ्यांना तो हक्क लागू होत नाही, असं ठरलं. चोर पकडला तर तुम्ही त्याला अडकवून ठेवू शकता. अटक आणि तपासाचे नियम सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. ११२ ला फोन करा, तोवर त्याला हात लावू देऊ नका. शेजाऱ्यांनाही नाही. जमाव जमला की कुणाचा फटका शेवटचा होता हे कुणालाच सांगता येत नाही.

जाता जाता तुम्ही शेताच्या तारेचंही विचारलंत. ती गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते आहे. रानडुकरांसाठी रात्री तारेत वीज सोडतात आणि सकाळी तिथे माणूस सापडतो. कधी पाणी द्यायला निघालेला शेजारी, कधी घरातलाच कुणी. बिहारमधल्या एका घरमालकाने परक्यांनी वापरू नये म्हणून आपल्या शौचकुपाला वीजवाहक उघडी तार लावली होती. शेजारची बाई तिथे गेली आणि जागीच मेली. ती परवानगीशिवाय आली होती, हा बचाव १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. आगंतुकाला मारण्यासाठी सापळा लावायचा हक्क मालकाला नाही, असं सांगून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम केली. तेव्हा त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच आहेत. आणि जीव जाऊ शकतो हे ठाऊक असताना तार सोडली असं ठरलं, तर सदोष मनुष्यवधही लागू शकतो.

अमेरिकेतल्या आयोवात एकाने रिकाम्या घराच्या खोलीत दार उघडताच सुटणारी बंदूक बांधून ठेवली होती. जुन्या बाटल्या न्यायला शिरलेल्याचा पाय त्यात निकामी झाला. १९७१ मध्ये आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची ३०,००० डॉलरची भरपाई कायम केली. मालक स्वतः हजर असता तर जे त्याला करता आलं नसतं, ते यंत्राकडूनही करवून घेता येत नाही, हा त्यातला मुद्दा. तारेला चोर, डुक्कर आणि तुमचा पुतण्या यांतला फरक कळत नाही. ती कुणाला ओरडून सांगत नाही, थांबत नाही.

डुकरांचा त्रास खरा आहे, एका रात्रीत मका झोपते. त्यासाठी सौर कुंपणाचं झटका मशीन घ्या. ते क्षणभराचा धक्का देऊन सोडतं, आणि कुंपणावर पाटी लावा. मीटरवरून किंवा आकडा टाकून थेट जोडलेली तार मात्र आज अंधार पडायच्या आत काढा, आणि काढली की मला फोन करा.