ओटीपी न आलेला सोमवार

कोल्हापुरात बसून वेबसाइटी बनवायच्या म्हणजे ग्राहक थेट जिना चढून वर येतो, हे धरूनच चालावं लागतं. पुण्यात हिंजवडीला नोकरीत होतो तेव्हा ग्राहक म्हणजे एक तिकीट नंबर आणि त्यापुढची लाल-पिवळी पट्टी. त्याचा चेहरा कधी दिसला नाही, आवाजही फारसा नाही. इथं राजारामपुरीत आमचं ऑफिस मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खालच्या दुकानदाराला आमचे निम्मे ग्राहक नावानं माहीत आहेत, आणि कोण चिडून वर आलंय हे तो आम्हाला आधीच ओरडून सांगतो.

8 मार्च 2021, सोमवार. ‘लॅबचे मामा आलेत, जोरात हाईत,’ असा खालून पुकारा झाला.

आमचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ऑफिसात आम्ही तिघंच. विक्री, वसुली आणि हिशोब बघणारा दादा, कोड लिहिणारा मी आणि शिकाऊ म्हणून आलेली एक मुलगी, जी दोन महिन्यांत आमच्यापेक्षा जास्त कामाची झाली होती. पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही रिपोर्टची साइट चालवायचो. रुग्ण काउंटरवर मोबाइल नंबर देतो, त्याला पावती मिळते, पावतीवर क्यूआर छापलेला असतो. रिपोर्ट तयार झाला की क्यूआर स्कॅन करायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, पीडीएफ उतरवून घ्यायची. साधी गोष्ट. कोविडच्या आधी लोक तरीही लॅबमध्येच येऊन कागद न्यायचे. कोविडनं सगळ्यांना साइटवर आणलं.

त्यात फेब्रुवारीपासून कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला होता. कागलच्या पुढं कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाड्या अडवून रिपोर्ट बघत होते. ज्याची सासुरवाडी निपाणीला, शेत सीमेपलीकडं, डॉक्टर बेळगावात, अशी माणसं कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्या दृष्टीनं आमची पीडीएफ म्हणजे परवानाच होता.

मामा दम न घेता बोलले, ‘अवो, तुमचं ते ओटीपी कुणालाच येईना झालंय. काउंटरला जत्रा भरलीया. डॉक्टर म्हणालेत, त्यास्नी सोबत घेऊनच या.’

माझा पहिला संशय स्वतःच्याच कोडवर, कारण शुक्रवारी संध्याकाळी एक बदल चढवला होता. लॉग उघडले. तिथं सगळं शहाण्यासारखं चाललेलं. प्रत्येक ओटीपी बनला होता, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडं गेला होता आणि त्यांच्याकडून ‘स्वीकारला’ असं उत्तरही आलं होतं. फक्त त्यापुढं जी ‘पोचला’ अशी खूण एरवी दोन-चार सेकंदांत येते, ती येत नव्हती. काही मेसेजपुढं नाकारल्याचा एक आकडा होता, जो त्यांच्या कागदपत्रांत कुठंच सापडला नाही. त्यांच्या हेल्पलाइनवर सनई वाजत होती आणि ती वाजतच राहिली.

मग कोल्हापुरातल्या डेव्हलपर मंडळींचा व्हॉट्सअॅप गट उघडला. एरवी या गटात काय चालतं हे सांगायला नको: पीएचपी ही कोडची भाषा मेली की जिवंत आहे, कोण कुणाची पोरं फोडून पुण्याला नेतंय, रविवारी मिसळ कुठं. गुंतवणूकदार, फंडिंग वगैरे शब्द आले की लोक हसण्याच्या इमोजी टाकतात. त्या दिवशी मात्र गट खडबडून जागा होता. एक जण सराफांच्या मासिक भिशीचं ॲप चालवतो, त्याचे ओटीपी बंद. एक शाळांची फी गोळा करतो, त्याचे बंद. टेम्पो भाड्यानं देणाऱ्याचे बंद. सगळ्यांच्या एसएमएस कंपन्या वेगवेगळ्या. एकानं लिहिलं, ‘माझ्या बँकेचापण येत नाही रे.’ हे वाचल्यावर मला इतकं बरं वाटलं की त्याची लाजच वाटली.

भिशीवाल्याला कारण ठाऊक होतं. ट्राय म्हणजे देशाची दूरसंचार नियामक संस्था; तिनं 2018 साली नको असलेल्या जाहिरातींच्या मेसेजना आळा घालण्यासाठी नियम केले होते. मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीनं दूरसंचार कंपनीच्या पोर्टलवर नोंदणी करायची. आमची झाली होती, कर धरून 5,900 रुपये मोजून. मग सहा अक्षरी नाव घ्यायचं, जे मेसेजच्या माथ्यावर दिसतं. मग प्रत्येक मेसेजचा मसुदा मंजूर करून घ्यायचा. मसुद्यात जिथं मजकूर बदलणार, उदाहरणार्थ ओटीपीचा आकडा, तिथं रिकामी जागा दाखवायची आणि त्या जागेत जास्तीत जास्त तीस अक्षरं. ही सगळी नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक डिजिटल खातेवहीवर. हा शब्द ऐकला की दादाच्या डोळ्यांत चमक येते, म्हणून मी तो त्याच्यासमोर टाळतो. त्या सोमवारपासून दूरसंचार कंपन्यांनी येणारा प्रत्येक मेसेज मंजूर मसुद्याशी ताडून बघायला आणि न जुळणारा टाकून द्यायला सुरुवात केली होती. मेसेज लॉटरीचा आहे की बँकेचा, हे मशीनला कळायचं कारण नाही.

नियमाबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना दिवसाला दहा वेळा कर्ज मंजूर झाल्याचे मेसेज येतात, ते बंद व्हायलाच हवेत. पण सगळ्या देशाचा चालू रस्ता एका सकाळी असा बंद करून बघायचा, ही हिंमत मी चार लॅबच्या साइटवरसुद्धा करणार नाही.

दुपारपर्यंत टीव्हीवर याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्याच दिवशी राज्याचा अर्थसंकल्प होता.

दरम्यान डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा तोडगा सरळ होता, ‘ओटीपी काढून टाका. संध्याकाळपर्यंत उघडं राहू दे.’ दादाही मान डोलवायला लागला. मी म्हटलं, जमणार नाही. पावतीचे नंबर ओळीनं चालतात. ओटीपी काढला की ज्याच्या हातात एक पावती आहे तो शेवटचा आकडा बदलत बसला तरी अख्ख्या गल्लीचे रिपोर्ट वाचू शकतो. वर्षभरापूर्वी ज्यांच्या दारावर पत्रे ठोकले होते, त्यांच्याशी शेजारी अजून नीट बोलत नव्हते, आणि लॅबमधून कोविडशिवायचेही रिपोर्ट जातात. डॉक्टर गप्प झाले. मग म्हणाले, ‘बरं, पण तासाभरात काहीतरी करा.’

तोपर्यंत काउंटरवरच्या मुलीनं आपल्या परीनं मार्ग काढला होता. फोन येईल त्याला ती व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवत होती. एक काउंटर, एक फोन, समोर गर्दी. साडेदहाच्या सुमारास एका पाटलांचा रिपोर्ट दुसऱ्या पाटलांना गेला. नाव तेच, वडिलांचं नावही तेच, गाव फक्त वेगळं. कोल्हापूर जिल्ह्यात हे होणारच. सुदैवानं दोघंही निगेटिव्ह होते आणि दुसऱ्या पाटलांनी स्वतःच फोन करून सांगितलं, ‘वय माझं नव्हं ह्यात.’ डॉक्टरांनी तिथल्या तिथं व्हॉट्सअॅप बंद करायला लावलं.

उरला फोन. एसएमएस अडला तरी साधा कॉल चालू होता. मशीननं रुग्णाला कॉल करायचा आणि आकडा बोलून दाखवायचा. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत, कोडही तासाभराचा. मी खातं उघडलं, पैसे भरायला कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीननं विचारलं: ओटीपी टाका.

दादा इतका हसला की खालचा मिक्सरवाला वर बघायला आला. त्या कंपनीला यूपीआय चालत नव्हतं. नेट बँकिंगलाही शेवटी ओटीपी. शेवटी गटातला टेम्पोवाला म्हणाला, ‘माझं खातं आहे तिथं, पैसेही पडून आहेत. की देतो, वापर, हिशोब नंतर.’ आपल्या खात्याची की, म्हणजे गुप्त किल्ली, दुसऱ्याला देणं म्हणजे कोरा चेक देण्यासारखंच. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात याला आधी तीन सह्या लागल्या असत्या आणि लागायलाच हव्यात. इथं तो माझा दहावीचा बेंचमेट होता. मी खर्चाची मर्यादा घालून घेतली आणि रात्री की बदलायची असं ठरवलं.

पहिला कॉल माझ्याच मोबाइलवर केला. यंत्राची बाई इंग्रजीत, घाईघाईत सहा आकडे म्हणून मोकळी झाली. मलाच दोन कळले नाहीत. आमची शिकाऊ म्हणाली, ‘मी बोलतो की मराठीत. शून्य ते नऊ, दहाच तर आकडे.’ ऑफिसात मिक्सरची घरघर, रस्त्यावर हॉर्न. म्हणून ती दादाच्या ओम्नीत जाऊन काचा वर करून बसली आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून आली. फोनच्या लाइनला आठ किलोहर्ट्झचा एकेरी आवाज लागतो, तसं मी ते बदलून घेतलं. आकड्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता घातली, सगळं दोनदा म्हणायला लावलं. सहाऐवजी चारच आकडे ठेवले, आणि चार म्हणजे अंदाजानं लागू शकतात म्हणून तीन चुकांनंतर ती पावती अर्धा तास बंद. सुरुवातीला तिनं स्वतःहूनच एक वाक्य घातलं होतं: ‘नमस्कार, लॅबमधून बोलतोय, घाबरू नका.’ मला ते काढायचं होतं. डॉक्टरांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘तेवढं ठेवा.’ रिपोर्टची वाट बघणाऱ्याला लॅबचा फोन आला की त्याच्या पोटात काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बाराच्या आत चालू केलं. कॉल जायला लागले आणि लोक ते कट करायला लागले. नंबर 080 ने सुरू होणारा, म्हणजे बेंगळुरूचा, म्हणजे कर्जवाला. पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 080 ने सुरू होणारा फोन येईल, उचला. तरीही निम्मे कट. मग मामांना काउंटरच्या बाहेर उभं केलं. मामांचा आवाज गांधी मैदानाला पुरेल. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ‘बेंगलोरचा फोन आला तर घ्या, आमचीच पोरगी हाय!’

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात लॅबनं एक फोन माझ्याकडं वळवला. कोगनोळीच्या नाक्यावरून एक जण बोलत होता. आईला बेळगावला दवाखान्यात दाखवायचं, चारची वेळ, गाडी बाजूला काढून ठेवलेली. त्याचा स्वतःचा रिपोर्ट आदल्या दिवशीच उतरवलेला, आईचा राहिला होता. आणि आईच्या पावतीवर नंबर आईचा, तो फोन कोल्हापुरात घरी, चार्जिंगला.

इथं कोड काही करू शकत नव्हता. मी त्याला दुसऱ्याच्या नंबरवर ओटीपी वळवून देऊ शकलो असतो, बटण माझ्याच हातात होतं. पण फोनवरचा माणूस सांगतो म्हणून नंबर बदलायचा, ही तर फसवणुकीची नेहमीची रीत. मी विचारलं, घरी कोण आहे? बायको. तिला फोन करून सांगा, आईंचा मोबाइल हातात घेऊन बसा. मी कॉल सोडला. तिनं उचलला, आकडे ऐकले, नवऱ्याला सांगितले, त्यानं टाकले. पहिल्यांदा चुकले. तिनं सात ऐकलेला, होता सहा. मी पुन्हा कॉल सोडला. या वेळी रिपोर्ट उतरला. लाइनवर पोलिसाचा कन्नडमिश्रित मराठीत आवाज, मग गाडी सुरू झाल्याचा. तो माणूस मला आभारबिभार काही म्हणाला नाही. ‘कट करा आता, निघालो,’ एवढंच.

संध्याकाळनंतर एसएमएस तुटक तुटक पोचायला लागले. सकाळी नऊला मागितलेले ओटीपी काहींना रात्री आले. त्यांना वाटलं कुणी तरी आपलं खातं फोडतंय, म्हणून परत फोन. दुसऱ्या दिवशी ट्रायनं सात दिवसांची स्थगिती दिल्याची बातमी आली. तोवर सगळ्यांना कळलं होतं की बँका, आधार, लशीची नोंदणी, सगळीकडंच लोक अडकले होते. मी टेम्पोवाल्याचे पैसे यूपीआयनं भागवले. त्यानं वर मिसळ मागितली, ती दादाच्या खात्यावर.

स्थगितीच्या आठवड्यात मसुदे एकेक करून तपासले तेव्हा आमचा मेसेज कुठं अडत होता ते सापडलं. ओटीपीचा आकडा ठीक होता. लॅबचं नाव तीस अक्षरांच्या जागेत मावत नव्हतं. नावात आधी देवी, मग वडिलांचं नाव, मग पॅथॉलॉजी, मग अँड, मग डायग्नोस्टिक आणि शेवटी सेंटर. कानामात्रा, वेलांट्या, हलन्त हे मशीन वेगळे मोजतं, त्यामुळं मराठीत जागा आणखी लवकर संपते. डॉक्टरांना म्हटलं, मेसेजपुरतं नाव छोटं करू. देवीला हात लावायचा नाही, वडिलांना तर नाहीच, असं त्यांचं म्हणणं. एप्रिलची नवी मुदत तोंडावर येईपर्यंत आम्ही यावर वाद घालत होतो. शेवटी डायग्नोस्टिक आणि सेंटर गेले. मसुदा मंजूर होऊन आला त्या संध्याकाळी त्यांचा परत फोन: ‘वडिलांच्या आधी डॉ. लावायचं राहिलं. बसेल का बघा.’

आमच्या शिकाऊ मुलीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, टिंब सोडून बसतंय.