वासिलिसा आणि यागा म्हातारी : तिसऱ्या खर्ड्याची नोंद

वासिलिसेच्या रशियन लोककथेचा तिसरा खर्डा काल रात्री शेवटच्या चतुर्थांशापाशी येऊन पोचला. तिथवर येताना दुसऱ्या खर्ड्यातला निम्मा मजकूर मी स्वतःच खोडला आहे, हे आधीच सांगून टाकते. परकीय लोककथा मुलांसाठी मराठीत सांगण्याचा छंद असणाऱ्यांना ही खाडाखोड नवी नाही. तरीही या वेळी ती कशामुळे करावी लागली, याची नोंद ठेवण्यासारखी आहे.

मूळ कथा अलेक्सांद्र अफानास्येव यांच्या रशियन लोककथांच्या संग्रहातली आहे. हा संग्रह १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत प्रसिद्ध झाला. माझे वाचक आठ ते अकरा वर्षांचे आहेत, आणि संपूर्ण कथा अडीच हजार शब्दांत बसवायची, असे मी ठरवले आहे. कथा थोडक्यात अशी : मरताना आईने दिलेली एक बाहुली आठ वर्षांच्या वासिलिसेजवळ असते. बाहुलीला घास भरवून तिला गाऱ्हाणे सांगितले की ती मदत करते. पुढे सावत्र आई आणि तिच्या दोन मुली घरातला दिवा मुद्दाम विझवतात आणि वासिलिसेला उजेड आणायला रानातल्या बाबा यागा या भयंकर म्हातारीकडे पाठवतात. यागा तिला कामाला जुंपते, आणि शेवटी जळत्या डोळ्यांची एक कवटी देऊन परत धाडते.

पहिली अडचण नावातच होती. पहिला खर्डा आमच्या सोसायटीतल्या पाच मुलांना वाचून दाखवला, तेव्हा दुसऱ्याच पानावर एकाने विचारले, "हा बाबा दाढीवाला आहे का?" रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई, म्हातारी. मराठीत बाबा म्हणजे वडील, नाहीतर मठातले महाराज. त्यात पुढे यागा, म्हणजे कानाला यज्ञयागच. माझी भयंकर चेटकीण मुलांच्या डोळ्यांसमोर भगवी छाटी नेसून होमापाशी बसली होती! "चेटकीण बाबा यागा" असे लिहून पाहिले, तर गोंधळ दुप्पट झाला. सुटका अखेर मूळ संहितेनेच केली. त्या कथेत तिला काही ठिकाणी बाबा-यागा न म्हणता यागा-बाबा म्हटले आहे. म्हणजे "यागा म्हातारी" हे भाषांतर ओढूनताणून केलेले नाही, ते शब्दाला शब्द आहे. शिवाय वासिलिसा स्वतः फाटकाशी उभी राहून तिला आजी म्हणूनच हाक मारते. आता निवेदनात यागा म्हातारी आणि मुलीच्या तोंडी "आजी" अशी वाटणी केली आहे. चेटकीण हा शब्द मात्र मी पूर्णपणे काढून टाकला. तो आला की मुलांना पुढचे सगळे आधीच कळल्यासारखे होते, आणि ही बाई तशी आधी कळणारी नाही.

म्हातारीचा सरंजाम मराठीत आणायला कष्ट पडले नाहीत. ती उखळात बसून येते, मुसळाने ते हाकते आणि मागचा माग खराट्याने झाडून टाकते. उखळ, मुसळ आणि खराटा आपल्या आजोळच्या पडवीतलेच आहेत, फक्त उखळ माणूस मावेल एवढे हवे. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली तिची झोपडी मात्र मी या कथेत घेतलेली नाही. यागाच्या इतर कथांत ती आहे, पण वासिलिसेच्या मूळ कथेत झोपडीचे पाय कुठेच येत नाहीत. ठाऊक असलेली गंमत गाळताना जिवावर आले. पण या घराभोवतीचे कुंपणच एवढे जबरदस्त आहे की पायांची उणीव भासत नाही.

सगळा घोळ झाला तो याच कुंपणाने. ते माणसांच्या हाडांचे आहे, त्यावर डोळ्यांसकट कवट्या खोवलेल्या आहेत, फाटकाला खांबांच्या जागी पाय, अडसरांच्या जागी हात आणि कुलपाच्या जागी तीक्ष्ण दातांचे तोंड आहे. दुसऱ्या खर्ड्यात मी हे सगळे सौम्य केले होते. हाडांच्या जागी वाळक्या फांद्या आल्या, कवट्यांच्या जागी कंदील आले, आणि मुले रात्री दचकून उठणार नाहीत असे स्वतःला सांगून मी समाधान मानले. तो खर्डा वाचल्यावर माझ्या भाचीची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "कंदीलच आणायचा होता तर शेजारी का नाही मागितला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण कथेतले उत्तर मीच गाळले होते. यागाचा उजेड साधा नसतो. ती कवटी घरी येईपर्यंत सावत्र आईच्या घरात विस्तव टिकतच नाही : त्यांना स्वतःला तो पेटवता येत नाही, आणि शेजारून आणलेला विस्तव खोलीत पाऊल टाकताच विझतो. (विस्तव हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. आग म्हटले की वणवा आठवतो, दिवा म्हटले की बटण आठवते. विस्तव मागायला शेजारी जाण्याची रीत आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगली ठाऊक आहे, आणि ज्या मुलांना ती ठाऊक नाही त्यांना या कथेमुळे कळेल.) अशा घरात फक्त कवटीचाच उजेड टिकतो, आणि तोच उजेड त्या तिघींवर नजर रोखून त्यांना पहाटेपर्यंत जाळून कोळसा करतो. कवटी काढली की न्यायही जातो, आणि उरते ती एक आज्ञाधारक मुलगी व एक कंदील. म्हणून तिसऱ्या खर्ड्यात हाडे, दात आणि कवट्या सगळे परत आणले आहे. वर्णन मात्र तीन वाक्यांपेक्षा लांबवायचे नाही, असा नियम केला. इव्हान बिलीबिन यांनी १८९९ साली काढलेल्या चित्रात वासिलिसा काठीवर ती कवटी धरून रात्रीच्या अंधारातून चालली आहे. ते चित्र मुलांना दाखवले, तर कोणी घाबरले नाही. उलट काठी कुठल्या झाडाची असेल, यावर त्यांच्यात वाद झाला.

स्वारांचे प्रकरण वरवर सोपे, पण निघाले अवघड. रानातून जाताना वासिलिसेला आधी पांढरा स्वार दिसतो आणि उजाडू लागते, मग तांबडा स्वार दिसतो आणि सूर्य उगवतो, आणि संध्याकाळी काळा स्वार फाटकाशी येऊन नाहीसा होतो, तेव्हा रात्र पडते. मी सवयीने लिहून गेले, "तांबडा स्वार गेला आणि तांबडे फुटले." पण आपल्याकडे तांबडे आधी फुटते, लख्ख उजाडते त्यानंतर. मूळ क्रमात पांढरा पहिला आहे. दोन दिवस त्यावर अडून बसल्यावर फटफटणे हे क्रियापद सापडले. "पांढरा स्वार गेला आणि फटफटले. तांबडा स्वार गेला आणि सूर्य वर आला." क्रम मूळचा राहिला आणि रंगही बसले.

यागाच्या कामांची यादी सांगताना मला सर्वांत आनंद झाला, कारण ती सगळी घरकामाची आणि निवडण्या-टिपण्याची कामे आहेत. अंगण झाडायचे, झोपडी लोटायची, स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, आणि वर कोठारातला एक चेत्वेर्त गहू काळ्या दाण्यांपासून वेगळा करायचा. चेत्वेर्त हे माप सुमारे २१० लिटरचे, म्हणून मी सरळ "पिंपभर गहू" लिहिले. दुसऱ्या दिवशी खसखशीचा एकेक दाणा मातीतून साफ करायचा असतो. खसखशीचा दाणा केवढा असतो, हे अनारसे पाहिलेल्या मराठी मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

बाहुलीला घास भरवताना म्हणायची ओळ रशियनमध्ये यमकाची आहे, आणि ती कथेत पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे मुलांनी वाचणाऱ्याबरोबर ती म्हणावी, अशी माझी इच्छा होती. आधी केलेली ओळ होती, "खा बाहुले, खाऊ खा, माझे दुःख समजून घ्या." बाहुलीला एकदम अहो-जाहो! ते हास्यास्पद होते. आता अशी आहे :

"घे गं बाहुली, घास घे,
गाऱ्हाणं माझं ऐकून घे."

तिसऱ्या वाचनात मुलांनी ती न सांगता उचलली, म्हणून आता तिला हात लावणार नाही.

या कथेचा खरा कस लागतो तो यागा जेवत असतानाच्या संवादात, आणि यागा म्हातारी नुसती दुष्ट नाही हे कळते तेही तिथेच. ती प्रश्न विचारायची परवानगी देते, पण बजावते की प्रत्येक प्रश्नातून भले निघत नाही, आणि फार कळले की लवकर म्हातारपण येते. वासिलिसा तीन स्वारांबद्दल विचारते. दिवस, सूर्य आणि रात्र हे तिघेही आपले चाकर आहेत, असे म्हातारी सांगते. मात्र गहू दळायला आणि खसखशीचे तेल काढायला हवेतून अवतरणारे हातांचे तीन जोड वासिलिसेने घरात पाहिलेले असतात, त्यांच्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. कुंपणाबाहेर पाहिलेलेच विचारलेस हे बरे केलेस, असे म्हातारी म्हणते. तिचे पुढचे वाक्य मराठीत आणताना मी आधी "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर" हा वाक्प्रचार वापरला होता. तो बरोबर आहे, पण चुकीच्या जागी आहे. रशियन वाक्प्रचार घरातल्या केराचाच आहे, आणि वासिलिसा तर त्याच घराचा केर काढते आहे! म्हणून आता म्हातारी म्हणते, "माझ्या झोपडीतला केर बाहेर गेलेला मला खपत नाही, आणि फार चौकश्या करणाऱ्यांना मी खाते." हे वाचून झाल्यावर एका मुलाने अर्थातच विचारले की ते हात कोणाचे होते. मूळ कथा ते सांगत नाही, म्हणून मीही सांगितले नाही.

उरला तो शेवटचा चतुर्थांश : वासिलिसा शहरात एका निराधार म्हातारीकडे राहते आणि सुईच्या नेढ्यातून दोऱ्याऐवजी ओवता येईल इतके तलम कापड विणते. सूत जवसाचे आहे, आणि जवस म्हणजे चटणी एवढेच मुलांना ठाऊक असल्याने त्याच्या देठाचा धागा होतो, हे एका वाक्यात सांगावे लागेल. बाहुली माग तयार करते तो एक जुनी फणी, एक जुना धोटा आणि घोड्याची आयाळ एवढ्या सामानातून. फणी आणि धोटा हे शब्द ठरले आहेत. आयाळीचे नक्की काय केले असेल, हे एखाद्या हातमागवाल्याला विचारल्याशिवाय तो परिच्छेद लिहायचा नाही, असे ठरवून वही सध्या तिथेच मिटली आहे.