क्रूझचा माझा अनुभव: समुद्र राहिला बाजूला, आधी तो एक 'एच'

क्रूझ करून आलं की लोक विचारतात बाल्कनी घेतली का, बोट लागते का, जेवण कसं असतं. ते सगळं सांगतेच पुढे. पण त्याच्या आधी हे ऐका. बुकिंगचं कन्फर्मेशन आलं ना, की त्याच दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट शेजारी घेऊन बसा आणि नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. काही चुकलेलं दिसलं तर फोनवर सांगून मोकळे होऊ नका, लेखी कळवा. मी हे सगळं केलं होतं, अगदी त्याच दिवशी, आणि तरीही जे भोगलं ते लिहितेय कारण अजून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही चौघं होतो, आईबाबा एका केबिनमध्ये आणि आम्ही दोघं दुसऱ्या. रोमहून निघायचं, ग्रीसची बेटं करायची आणि परत रोम. आता 'रोम' म्हणजे काय तर चिवितावेक्किया, रोमपासून साधारण 70 किलोमीटर लांब. हे एक नीट लक्षात ठेवा, जाहिरातीत मोठ्या शहराचं नाव असतं आणि बोट उभी असते भलतीकडेच. फ्लॉरेन्स लिहिलेलं असतं तिथे तुम्ही उतरता लिवोर्नोला, अथेन्स म्हणजे पिरेयस. व्हेनिसला तर 2021 च्या ऑगस्टपासून 25,000 टनांच्या वरच्या बोटींना शहराला लागून जाणाऱ्या ज्युदेक्का कालव्यात येऊच देत नाहीत, त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकलेल्या बऱ्याच क्रूझ रावेन्नाहून सुटतात. तेव्हा हॉटेल घेताना बंदराचं नाव बघा, शहराचं नाही.

तर बुकिंग एका एजन्सीकडून केलं. पासपोर्टचे स्वच्छ स्कॅन मीच पाठवले होते. तरी आईच्या नावातला एक 'एच' त्यांनी टाइप करताना खाऊन टाकला. मी लगेच मेल टाकली, उत्तर आलं 'नोटेड'. मला वाटलं झालं काम. फायनल पेमेंटची तारीख जवळ आली तेव्हा परत बघितलं तर नाव तसंच. फोन केला तर म्हणे मॅडम ते होऊन जाईल, पेमेंट अडवू नका, रेट जाईल हातचा. पेमेंट केलं.

इथे जरा थांबून सांगते, ही फायनल पेमेंटची तारीख म्हणजे क्रूझमधली सगळ्यात महत्त्वाची तारीख. आधी थोडं डिपॉझिट भरायचं असतं आणि बाकीचे पैसे बहुतेक कंपन्या निघायच्या साधारण तीन महिने आधी मागतात. तोपर्यंत सगळं सैल असतं, केबिन बदला, माणूस बदला, मधेच रेट उतरला तर नवीन रेट लावून द्या म्हणून मागताही येतं (मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही). त्या तारखेनंतर कॅन्सल केलं तर दंड, आणि तो टप्प्याटप्प्याने वाढत शेवटी पूर्ण रकमेवर जातो. तेव्हा काही दुरुस्त करून घ्यायचं असेल तर पैसे आपल्या खिशात आहेत तोवर.

मग ऑनलाइन चेक-इन सुरू झालं. ॲपमध्ये पासपोर्ट स्कॅन करायचा, फोटो द्यायचा, बंदरावर किती वाजता येणार तो स्लॉट घ्यायचा. आमच्या तिघांचं झालं. आईचं अडकलं, पासपोर्टवरचं नाव बुकिंगशी जुळत नाही. क्रूझ कंपनीला फोन लावला. तिथली बाई बोलायला फार गोड, पण म्हणाली तुमचं बुकिंग एजन्सीच्या नावावर आहे, आम्ही त्याला हात लावू शकत नाही, विनंती त्यांच्याकडूनच यायला हवी. एजन्सीला फोन, तर ते म्हणाले आम्ही कधीच पाठवलीय, कंपनीकडे पेंडिंग आहे. परत कंपनी, आमच्याकडे काहीही आलेलं नाही. परत एजन्सी, ज्या मुलाकडे केस आहे तो रजेवर. हे असं किती चाललं ते सांगत नाही पण कंपनीच्या होल्डवरची ट्यून आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाली. आई आपली शांत, म्हणे अगं मला समोर बघितल्यावर कळेलच की त्यांना मी कोण ते. आई, त्यांना तू नाही गं बघायचीस, त्यांना पासपोर्ट बघायचाय! बोट प्रवाशांची यादी बंदरांवरच्या अधिकाऱ्यांना आधी पाठवते, आणि काउंटरवर नाव जुळलं नाही आणि त्यांनी चढू दिलं नाही तर पैसे परत नाहीत. बाबा तर म्हणायला लागले तिला नाही सोडलं तर मीही नाही जात, तुम्ही दोघं जाऊन या. म्हणजे ज्यांच्यासाठी सगळं केलं ते घरी आणि आम्ही दोघं बोटीवर!

आणि मग एजन्सीकडून मेल आली. नाव बदलायचं असेल तर सध्याचं तिकीट दंड लावून कॅन्सल होईल आणि आजच्या रेटने नवीन काढावं लागेल. चूक त्यांची आणि दंड आईला. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये बसून इतकी तापले होते की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

मग मी कंपनीला परत फोन केला आणि यावेळी तक्रार न सांगता एवढंच विचारलं, तुमच्या स्क्रीनवर आमच्या बुकिंगवर जी विनंती दिसतेय ती जशी आहे तशी वाचून दाखवा. हा प्रश्न लिहून ठेवा, बँकेपासून कुठेही चालेल. तो माणूस वाचून म्हणाला, इथे प्रवासी बदलायचा आहे असं आहे. म्हणजे एजन्सीने स्पेलिंग दुरुस्तीच्या ऐवजी माणूसच बदलायचा अर्ज टाकला होता! आई जाणार नाही, तिच्याऐवजी जवळजवळ त्याच नावाची दुसरी कोणी बाई येणार. फायनल पेमेंटनंतर तसं केलं तर ते एका माणसाचं कॅन्सलेशन धरतात, म्हणून दंड. माणूस तोच आणि फक्त स्पेलिंग चुकलंय तर सहसा फुकटात करून देतात.

मग मी एकच मेल लिहिली, एजन्सी आणि कंपनी दोघांनाही एकत्र. बुकिंग नंबर, चुकलेलं नाव, बरोबर नाव, माणूस तोच, जन्मतारीख तीच, पासपोर्ट नंबर तोच, सोबत पासपोर्टची कॉपी आणि मी पहिल्या दिवशी पाठवलेली मेल. आणि सरळ एजन्सीत जाऊन बसले, म्हणलं माझ्यासमोर कंपनीला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. लावला. कंपनीच्या माणसाने एजन्सीच्या मुलीला परवानगी विचारली, ती हो म्हणाली, 'एच' आला. इतकंच होतं ते, काही मिनिटांचं. सुधारलेलं कन्फर्मेशन प्रिंट करून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही. विमानाची तिकिटं मी स्वतः काढली होती म्हणून वाचलो, नाहीतर तोच 'एच' तिथेही शोधत बसावं लागलं असतं.

सगळे एजंट असेच असतात असं मी म्हणत नाही. चांगला एजंट बोटीवर खर्चायला थोडं क्रेडिट मिळवून देतो, केबिन चांगली शोधतो, वादळाने कार्यक्रम बदलला तर तुमच्यासाठी भांडतो. पण पैसे द्यायच्या आधी विचारा की दुरुस्ती कोण करणार आणि तुमचं ऑफिस बंद असताना मी कोणाला फोन करू. उत्तर देताना अडखळला तर थेट कंपनीकडून घ्या. मी तर आता तेच करणार.

या सगळ्यात लवकरचे स्लॉट संपले होते. बाबांचा दुपारी बाराचा, आईचा संध्याकाळकडे झुकलेला. आम्ही सगळेच आईच्या वेळेला गेलो. लवकर चढण्याचा फायदा हा की पहिल्या दिवसाचं जेवण मिळतं आणि स्विमिंग पूल रिकामा असतो. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि केबिनमध्ये पोचायला कधीकधी रात्र होते, म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेतच. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही नाही चालत. लोहचुंबकाचे हुक मात्र जरूर न्या, केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर लटकतं.

आणि बोट सुटायच्या दिवशी विमानाने पोचायचं धाडस करू नका, आदल्या दिवशी पोचा. विमान लेट झालं म्हणून बोट थांबत नाही.

केबिनचं सांगायचं राहिलंच. बोट लागण्याची भीती असेल तर मधली आणि खालच्या डेकवरची घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला डेक बघा, पूलच्या खालची घेतली तर पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज, थिएटरच्या वरची घेतली तर रात्री ढोल. डेकचा नकाशा वेबसाइटवर असतो, फुकट आहे, बघा तो. स्वस्तात 'गॅरंटी' केबिन मिळते त्यात नंबर कंपनी ठरवते, आईबाबा बरोबर असतील तर त्या भानगडीत नका पडू, ते एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या. बोट लागण्याची गोळी पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची, आणि कुठली ते डॉक्टरला विचारून.

पहिल्या दिवशी सेफ्टी ड्रिल असतं आणि लोक कुरकुर करतात. 13 जानेवारी 2012 ला कोस्टा कॉन्कॉर्डिया याच चिवितावेक्कियाहून संध्याकाळी निघाली आणि त्याच रात्री जील्यो बेटाजवळ खडकावर गेली, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्यांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात 24 तासांची मुभा होती. आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या करावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ऐकलं की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. बाबांनी दोनदा विचारून घेतलं, मला बरं वाटलं.

सँटोरिनीला बोट धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात थांबते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्याला नेतात. तिथून वर गावात जायला केबल कार किंवा 588 पायऱ्या. गाढवंही आहेत, त्यांच्याकडे बघून मला तरी बसवलं नसतं. परतीला संध्याकाळी केबल कारची रांग इतकी वाढते की लोक घड्याळ बघत बघत रडकुंडीला येतात, आम्ही लवकर खाली आलो. घड्याळावरून आठवलं, बोटीची वेळ आणि गावातली वेळ कधीकधी वेगळी असते, बोटीचीच धरा. बोटीने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही स्वतः फिरत असाल तर नाही, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जावं लागतं. ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो त्यांनी बोट मधे तुर्कस्तानला किंवा शेंगेनच्या बाहेर कुठे जाऊन परत येतेय का ते बघा, सिंगल एंट्री म्हणजे एकदाच आत सोडणाऱ्या व्हिसावर परत आत येता येत नाही.

फोन बोट सुटताच एअरप्लेन मोडवर. समुद्रात बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही. इन्शुरन्स घ्याच आणि त्यात बोटीवरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा, बोटीवरचा डॉक्टर बिल लावतो. हात साबणाने धुवा, दारातलं सॅनिटायझर उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर तेवढं चालत नाही.

बिलाचं शेवटचं. तिकिटाच्या वर रोजचा माणशी सर्व्हिस चार्ज बऱ्याच कंपन्या आपोआप लावतात, ड्रिंक्सचं पॅकेज एकाने घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं असाही नियम बऱ्याच ठिकाणी असतो. बोटीवरच्या खर्चाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका, त्यावर आधीच रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. रोज रात्री ॲपमध्ये हिशोब बघत जा, कारण शेवटच्या रात्री काउंटरवर जी रांग लागते ती बघून मी आल्यापावली परत फिरले. आमच्या बिलात कोणाच्या तरी दोन कॉफ्या लागल्या होत्या, आदल्या दिवशीच काढून घेतल्या. त्याच रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तर सकाळचे कपडे आणि चप्पल आधी बाजूला काढा, आमच्या शेजारचे काका पायजम्यावर उतरले.