मरदाना ते पेरादेनिया : श्रीलंकेतील नाटक आणि सिनेमा

कोलंबो फोर्टहून लोकलने पुढच्याच स्थानकावर उतरले की मरदाना लागते. तिथून पंचिकावत्तेच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने सुरू होतात. फुटपाथवर गिअरबॉक्स मांडलेले असतात, दारांना टायर टांगलेले असतात आणि हवेत ग्रीसचा वास असतो. या सगळ्या लोखंडी पसाऱ्यात एक नाट्यगृह उभे आहे, टॉवर हॉल. श्रीलंकेला जायचे ठरवले तेव्हा समुद्रकिनारे आणि चहाचे मळे पाहून झाल्यावर वेळ उरला तर नाटक पाहू, असा विचार मी केला नव्हता. मी नाटक आणि सिनेमा पाहण्यासाठीच गेलो होतो आणि सुरुवात मला इथूनच करायची होती.

टॉवर हॉल 1911 साली ‘पंडुकाभय’ या नाटकाने सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या दौऱ्यावर कोलंबोला येत असत. त्यांचे रंगवलेले पडदे, झगझगीत पोशाख आणि गाण्यांची रेलचेल पाहून सिंहली नाटककारांनी ‘नुर्ती’ नावाचा संगीत नाटकाचा प्रकार उभा केला. नाटककार जॉन डी सिल्वा यांनी तर चाली बांधण्यासाठी विश्वनाथ लावजी या भारतीय संगीतकारालाच बोलावून घेतले आणि 1903 सालच्या ‘सिरिसंगबो’ या नाटकासाठी त्यांनी बांधलेले ‘दन्नो बुदुंगे’ हे पद आज श्रीलंकेत लहान मुलालाही ठाऊक आहे. 2016 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात एका गायिकेने तेच पद पाश्चात्त्य ऑपेराच्या ढंगाने गायले, तेव्हा देशभर वाद पेटला होता. नाट्यपदाच्या गायकीवरून आजही लोक हमरीतुमरीवर येतात, हे कळल्यावर मला त्या देशाविषयी एकदम आपलेपणा वाटला.

नाट्यगृहात त्या दिवशी प्रयोग नव्हता. एका वयस्कर राखणदाराने मला आत घेतले, दिवा लावला आणि मी कुठून आलो ते विचारले. ‘बॉम्बे’ हा शब्द ऐकताच तो हसला आणि त्याने त्याच पदाची पहिली ओळ गुणगुणून दाखवली. भाषेतले मला एक अक्षर कळले नाही. पण स्वरांची चाल, आलापाआधी घेतलेला तो किंचित थांबा, ओळीच्या शेवटी स्वर खाली आणण्याची रीत, हे सगळे माझ्या कानाला इतके ओळखीचे होते की मी न राहवून मान डोलावली. पुढे सिनेमा आला तेव्हा टॉवर हॉलमध्येही चित्रपट दाखवले जाऊ लागले आणि नाटकाला ते परत मिळायला 1978 साल उजाडावे लागले. नाटकाची जागा सिनेमाने घ्यावी, हा क्रम आपल्याला नवा नाही. नवे वाटले ते पुढचे: आज तिथे सिनेमाचीच अवस्था अधिक नाजूक आहे.

सिंहली सिनेमाचा इतिहास फार लांबचा नाही. पहिला बोलपट ‘कडवुणु पोरोंदुव’ 1947 सालचा. तो एका नाटक कंपनीच्या गाजलेल्या नाटकावरून केलेला होता आणि त्याचे चित्रीकरण दक्षिण भारतातल्या स्टुडिओत झाले होते. पुढची जवळजवळ दहा वर्षे सिंहली सिनेमा मद्रासकडच्या स्टुडिओंतच घडत राहिला. लेस्टर जेम्स पीरिस यांनी 1956 साली ‘रेखाव’साठी कॅमेरा स्टुडिओबाहेर काढून लंकेतल्या खऱ्या खेड्यात नेला आणि 1965 साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांच्या ‘गम्पेरलिय’ला सुवर्णमयूर मिळाला. 1972 साली सरकारी चित्रपट महामंडळ आले आणि आयात व वितरण त्याच्या ताब्यात गेले. त्यामुळे परदेशी चित्रपटांच्या गर्दीत देशी चित्रपटाला पडदा मिळू लागला, पण कोणता चित्रपट कधी लागेल हे एकाच कचेरीत ठरू लागले. मग 1979 पासून दूरदर्शन संच घरोघरी शिरू लागला, 1983 साली यादवी युद्ध पेटले, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दक्षिणेत सशस्त्र उठाव आणि संचारबंदी आली आणि रात्रीच्या खेळाला बाहेर पडण्याची लोकांची सवयच मोडली. ती पूर्णपणे पुन्हा जुळलीच नाही.

मी एका मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये आठवड्याच्या मधल्या दुपारी एक सिंहली चित्रपट पाहिला. जिन्यापाशी तमिळ आणि हॉलिवूडच्या चित्रपटांची मोठमोठी पोस्टर होती. सिंहली पोस्टर एकच, तेही कोपऱ्यात. आत मी धरून नऊ प्रेक्षक होतो. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही, कारण चांगला विषय मिळाला की प्रेक्षक येतो, हे तिथल्या प्रेक्षकांनीच दाखवून दिले आहे. जानेवारी 2025 मध्ये अशोक हंदगम यांचा ‘रानी’ प्रदर्शित झाला. 1990 साली अपहरण करून मारल्या गेलेल्या रिचर्ड डी झोयसा या पत्रकार-नटाच्या आईवरचा हा चित्रपट. तो पाहायला चित्रपटगृहे भरली आणि त्यात किती खरे, किती कल्पित यावर वर्तमानपत्रांतून खडाजंगी झाली. मला विचाराल तर त्या वादाइतकी आशादायक गोष्ट दुसरी नाही. ज्या देशात एकेकाळी या विषयावर बोलणेच जिवावर बेतत होते, तिथे लोक तिकीट काढून तो विषय पाहतात आणि मग घरी जाऊन भांडतात, ही मोठी मजल आहे.

दिग्दर्शकांची तिथे वानवा नाही. विमुक्ती जयसुंदर यांना 2005 साली कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ विभागून मिळाला. प्रसन्न विथानगे यांच्या ‘पुरहंद कळुवर’मधला आंधळा बाप, सैन्यातून मोहोरबंद होऊन आलेल्या शवपेटीत आपला मुलगा आहे हे मानायलाच तयार नसतो. त्या चित्रपटाचे प्रदर्शन सरकारने रोखले, तेव्हा दिग्दर्शकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो सोडवून आणला. 1912 सालचा सार्वजनिक प्रयोगांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही राहिला आणि नाटकाची संहिता आधी मंडळाकडून मंजूर करून घ्यायची, ही रीत त्याच्यामुळेच चालत आली. आपल्याकडच्या रंगभूमी परिनिरीक्षणाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

मनाला सर्वांत जास्त लागले ते मात्र वेगळेच. कोलंबोच्या उत्तरेला हेंदल इथे के. गुणरत्नम यांचा विजया स्टुडिओ होता. गुणरत्नम तमिळ, पण सिंहली सिनेमाचे मोठे निर्माते. जुलै 1983 च्या तमिळविरोधी दंगलीत तो स्टुडिओ जाळला गेला आणि तिथे साठवलेली सिंहली चित्रपटांची रिळे त्या आगीत गेली. सिंहलींच्या नावाने पेटवलेल्या आगीत सिंहली सिनेमाचा ठेवाच राख व्हावा, याहून मोठी शोकांतिका कोणत्या नाटककाराला सुचली असती? जी रिळे वाचली त्यांना दमट हवेने गाठले. एका निवृत्त ऑपरेटरने मला आपल्या घरी एक पत्र्याचा डबा उघडून दाखवला. झाकण निघताच आंबलेल्या शिरक्यासारखा उग्र वास खोलीत भरला. आत फिल्म होती, पण थर एकमेकांना चिकटून त्याची एक तपकिरी वडी झाली होती. त्याने नखाने एक टोक सोडवायचा प्रयत्न केला, ते तुटले, आणि तुटलेला तुकडा त्याने पुन्हा नीट डब्यातच ठेवला. फेकून दिला नाही.

याच पार्श्वभूमीवर एक गोष्ट मी अभिमानाने नोंदवतो. सुमित्रा पीरिस यांचा 1978 सालचा ‘गेहेणु लमयि’ हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुढाकार घेऊन त्याचे पुनरुज्जीवन केले आणि मे 2025 मध्ये तो कानच्या ‘क्लासिक्स’ विभागात दाखवला गेला. सुमित्राबाई 2023 च्या जानेवारीत गेल्या. त्यांना तो दिवस पाहता आला नाही. पारशी मंडळ्यांच्या गलबतांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मुंबईहून लंकेच्या कलेकडे असे काही गेले, याचे समाधान वाटते. पण एकेका चित्रपटाला असे हात मिळेपर्यंत किती डब्यांच्या वड्या झालेल्या असतील, हा विचार त्या ऑपरेटरच्या घरातून निघाल्यावर बराच वेळ सुटला नाही.

दोन दिवसांनी मी कँडीच्या गाडीने वर निघालो. पेरादेनिया विद्यापीठासाठी ‘सरसवि उयन’ नावाचे छोटेसे स्थानक आहे. विद्यापीठाच्या आवारातून महावेली नदी वाहते आणि झाडीत एक खुले नाट्यगृह आहे. सगळे त्याला ‘वळ’ म्हणतात. वळ म्हणजे खड्डा. उतारावर कोरलेल्या पायऱ्या, वर मोठमोठ्या झाडांचे छत आणि खाली रंगमंच. एदिरिवीर सरच्चंद्र इथेच प्राध्यापक होते. जपानमध्ये नो आणि काबुकी ही तिथली पारंपरिक नाटके पाहून परतल्यावर आपल्या लोकरंगभूमीतही असे काही आहे का, याचा त्यांनी शोध घेतला आणि त्यांना ‘नाडगम’ सापडले. अंबलंगोडच्या चार्ल्स सिल्वा गुणसिंह गुरुन्नांसे या जुन्या जाणत्या नाडगम गुरूंना बोलावून त्यांनी विद्यार्थ्यांकडून 1956 साली ‘मनमे’ उभे केले. जातककथेतल्या मनमे राजकुमाराची, त्याच्या पत्नीची आणि वेड्ड्यांच्या, म्हणजे लंकेतल्या आदिवासींच्या, राजाची ती गोष्ट आहे. राजकुमार आणि वेड्डा राजा यांच्या झुंजीत तलवार नेमकी कोणाच्या हाती जाते आणि राजकुमारीच्या मनात त्या क्षणी काय असते, हे सरच्चंद्रांनी जातकापेक्षा वेगळे आणि अनिश्चित ठेवले.

नाडगम मुळात कूत्तू या तमिळ लोकनाट्यातून, कॅथलिक वस्त्यांच्या वाटेने सिंहली खेड्यांत आलेले. त्याच पेरादेनियात प्राध्यापक विद्यानंदन यांनी साठच्या दशकात तमिळ नाट्टुक्कूत्तूला नवे रूप दिले. एकाच विद्यापीठात दोन भाषांची रंगभूमी शेजारी शेजारी उभी राहत होती, आणि बाहेर देश दुभंगत चालला होता.

मी पोहोचलो तेव्हा वळीत सात-आठ विद्यार्थी तालीम करत होते. पोषाख नव्हते, टी-शर्ट आणि सरोंग होते. एक मुलगा मद्दळ वाजवत होता आणि एक मुलगी रंगमंचावर येण्याच्या चालीचाच सराव करत होती. पावलाला ताल चुकला की ती पुन्हा झाडापर्यंत परत जायची. मी मोजले, अकरा वेळा. बाराव्या वेळी मद्दळवाल्याने काही न बोलता नुसती मान हलवली आणि ती पुढच्या ओळीकडे वळली. ही चाल तिला कोणी शिकवली असे विचारल्यावर ती म्हणाली, शाळेच्या बाईंनी. बाईंना त्यांच्या गुरूंनी. शाळेत नाट्यकला हा परीक्षेचा विषय आहे, ‘मनमे’ अभ्यासाला असते आणि वर्गच्या वर्ग बसमध्ये बसून प्रयोगाला येतात. सत्तर वर्षांत या नाटकाचा कुठलाही डबा जपावा लागला नाही, कारण ते माणसांच्या पायांत आणि गळ्यांत ठेवलेले आहे. ही मुले मोठी झाल्यावर काय करणार, हाही प्रश्न मी विचारला. एकाने सांगितले, शिक्षक. दुसरा दूरचित्रवाणी मालिकांत काम शोधणार. नाटकावर पोट भरेल असे कोणीच म्हणाले नाही. 2022 च्या आर्थिक संकटात पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या आणि वीज तासन्‌तास जाऊ लागली, तेव्हा प्रयोग बंदच पडले होते. आता ते पुन्हा सुरू आहेत, पण सभागृहाचे भाडे आणि नेपथ्याची ने-आण यांचा हिशोब बसवता बसवता संस्था मेटाकुटीला येतात, असे मला भेटलेल्या प्रत्येकाने सांगितले.

शेवटच्या संध्याकाळी कोलंबोच्या लायनेल वेंड्ट नाट्यगृहात ‘मनमे’चाच प्रयोग मिळाला. 1953 साली सुरू झालेले हे नाट्यगृह छायाचित्रकार आणि पियानोवादक लायनेल वेंड्ट यांच्या नावाचे आहे. ते आटोपशीर आहे. शेवटच्या रांगेतूनही नटाचे डोळे दिसतात. माझ्या एका बाजूला शाळेच्या गणवेशातल्या मुली होत्या, दुसऱ्या बाजूला एक आजी आणि त्यांचा नातू. पोते गुरु, म्हणजे आपला सूत्रधार म्हणा, पुढे येऊन गाऊ लागला आणि सभागृह एकदम शांत झाले. राजकुमारी तलवार हातात धरून दोघांमध्ये उभी राहिली, तेव्हा शेजारच्या आजी ओठांतल्या ओठांत तिची ओळ म्हणत होत्या, रंगमंचावरच्या मुलीच्या अर्धा क्षण आधी. नातवाने त्यांना कोपराने ढोसून गप्प बसवायचा प्रयत्न केला. आजींनी त्याचा हात धरून मांडीवर ठेवला आणि त्याच्या तळव्यावर बोटांनी मद्दळाचा ठेका धरला.