सवयी, संगत आणि घशातले जिवाणू

घशाच्या स्वॅबचा रिपोर्ट हातात पडल्यावर त्यातली ‘नॉर्मल थ्रोट फ्लोरा’ (घशात एरवीही असणारे निरुपद्रवी जिवाणू) ही ओळ वाचून घाबरणारी माणसे सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत नेहमी येतात. “साहेब, म्हणजे घशात जंतू निघालेच की!” असे एका यंत्रमाग कामगाराने मला चक्क रागाने ऐकवले होते. जंतू निघाले होतेच, आणि ते निघाले नसते तर मला अधिक काळजी वाटली असती.

मेंढीचे रक्त मिसळलेल्या अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर स्वॅब ओढून ती रात्रभर ३७ अंश सेल्सियसला ठेवली, की सकाळी टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके उगवलेले दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा ठिपक्यांभोवती हिरवट वलय असते. हे घशातले नेहमीचे रहिवासी, स्ट्रेप्टोकोकाय या गटातले जिवाणू. गर्दीच्या एसटीत आधीच जागा धरून बसलेल्या प्रवाशांसारखे ते नव्या जंतूला सहजासहजी टेकू देत नाहीत. त्यांच्यातले काही तर इतर जिवाणूंना मारक ठरणारी प्रथिनेही तयार करतात. घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसच्या ठिपक्याभोवती मात्र रक्तपेशी पूर्ण फुटून स्वच्छ, पारदर्शक वलय पडते. प्लेट उजेडासमोर धरली की हा फरक नवशिक्यालाही कळतो.

या रहिवाशांत कोण किती असावेत, हे ठरवण्यात आपल्या घराचा वाटा मोठा असतो. २०२३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एका घरात राहणाऱ्या माणसांच्या तोंडातील जिवाणूंचे साधारण ३२ टक्के वाण सामाईक आढळले, आतड्यातील जिवाणूंच्या बाबतीत हेच प्रमाण १२ टक्के होते. नवरा-बायकोचे रक्ताचे नाते नसते, तरी लाळेतले जिवाणू त्यांच्यातही वाटले जातात. ही मोजणी तोंडातल्या जिवाणूंची असली, तरी प्रत्येक घोटाबरोबर लाळ घशातूनच खाली जाते. लहान मुलांच्या नाका-घशात न्यूमोकोकस हा न्यूमोनिया करू शकणारा जंतू मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडतो, आणि ज्या घरात लहान मूल असते तिथल्या प्रौढांमध्येही त्याचे प्रमाण वाढलेले दिसते. नातवाला दिवसभर कडेवर घेणाऱ्या आजीला हे सांगून उपयोग नाही आणि सांगूही नये. मात्र तिला दमा किंवा मधुमेह असेल, तर न्यूमोकोकसच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

दाटीचा परिणाम तर शंभर वर्षांपूर्वीच मोजला गेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लोव्हर या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने बराकीतल्या सैनिकांच्या घशात मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जंतू शोधला. दोन खाटांमधले अंतर फूटभराहूनही कमी झाले की हा जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि ते अंतर अडीच फूट केले की उतरते, असे त्याला दिसले. आपल्या शहराच्या पूर्व भागात ज्या घरांत एका खोलीत माग चालतो आणि दुसरीत सगळे कुटुंब ओळीने झोपते, तिथे अडीच फूट आणायचे कुठून, हा प्रश्न वैद्यकाच्या हाती राहत नाही. मागाच्या खडखडाटात तर एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय बोलणेच शक्य नसते, आणि आवाज जितका मोठा तितके तोंडातून उडणारे तुषार अधिक. त्या मानाने तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. पण एकच बिडी चौघांत फिरत असेल, तर त्या रीतीचा फायदा तो काय उरणार?

बिडीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण या शहरात हजारो बायका ती घरी बसून वळतात आणि तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे अनेकांच्या चुलीविरुद्ध बोलणे ठरते. तरीही धूम्रपान करणाऱ्यांच्या नाका-घशात रोगकारक जंतू अधिक सापडतात आणि त्यांना अडवणारे रहिवासी कमी असतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. धूम्रपान सोडल्यावर वर्ष-सव्वा वर्षाने ही घडी पुष्कळशी पूर्ववत होते, असेही आढळले आहे.

माझा खरा राग मात्र बिडीपेक्षा तीन गोळ्यांच्या कोर्सवर आहे. घसा खवखवला की मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन हे जिवाणू मारणारे औषध आणायचे, ही सवय आता घरोघरी आहे. प्रौढांची घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर या गोळीचा काहीही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो हिरवट वलयवाल्या रहिवाशांवर. बेल्जियममध्ये २२४ निरोगी स्वयंसेवकांवर झालेला एक प्रयोग २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ॲझिथ्रोमायसिन किंवा त्याच गटातले क्लॅरिथ्रोमायसिन एकदाच, काही दिवस घेतलेल्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकायमध्ये या औषधांना दाद न देणाऱ्यांचे प्रमाण आठवडाभरातच सुमारे ५० टक्क्यांनी वर गेले आणि १८० दिवसांनंतरही ते नुसती साखरगोळी घेतलेल्यांपेक्षा जास्तच राहिले. हा प्रतिकार पुढे न्यूमोकोकससारख्या जंतूंकडेही जाऊ शकतो, आणि एकाच घरातले जिवाणू एकमेकांकडे जात असल्यामुळे गोळी एकाने घेतली तरी तिची झळ इतरांनाही बसू शकते. कायद्याने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, काउंटरवर मात्र “ताकदीची देऊ का, मामा?” एवढेच विचारले जाते.